बुवांची पट्टी

"पदर जरा गळ्यावरून बाजूला घेता का? गाताना मान दिसली पाहिजे."

नातूबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि बुवांकडे बघितलं. म्हटलं, आता बुवा फाडून खातील हिला. रिसबूडबुवांच्या माडीवर नव्या माणसानं पहिला महिना तोंड उघडायचं नाही, सतरंजीच्या टोकाला बसून नुसतं ऐकायचं, असा नियम होता. मी स्वतः तो महिना काढला होता. पण बुवा शांतपणे पानाला चुना लावत बसले. वर मलाच म्हणाले, "घे गं कुंदे, पदर बाजूला घे. उकडतंय नाहीतरी."

बाहेर भाद्रपदातली झड लागलेली, खालच्या सायकलवाल्यानं निम्मं दार ओढून घेतलेलं, आणि बुवांना उकडत होतं! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ही गोष्ट मिरजेतली, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सकाळी सहा ते नऊ बुवांकडे गायचं आणि दुपारपासून स्टेशनवरच्या टपाल कचेरीत गावोगावची पत्रं वेगळी करायची, असा माझा दिवस. रोज हजारभर पाकिटं हाताखालून गेली की बाहेरून बघून आतलं ओळखायची खोड लागते. मला ती जरा जास्तच लागली होती. आई म्हणायची, "ही देवळात गेली तरी तीर्थाचा वास घेऊन बघेल."

अकरा वर्षं मी बुवांकडे शिकत होते. माडीवर सगळ्यांत जुनी मीच. बुवांचा सा पेटीच्या काळी दोनवर, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीवर होता, म्हणून तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा सा काळी दोनवर. पुरुष असो, बाई असो, पट्टी एकच, ती बुवांची. बायकांना ती फार खाली पडायची. पण खाली पडते असं म्हणायची छाती कोणाची होती? बुवा म्हणायचे, "दाबून लाव, सापडेल." आम्ही दाबून लावायचो. रोज पहाटे तासभर सा च्याही खालचे स्वर, ज्याला खर्ज म्हणतात, ते मान खाली घालून घोटायचो.

आणि बुवांच्या आवाजाला एक खरखर होती. लोक तिच्यावर जीव टाकायचे. गेल्या वर्षभरात ती खरखर माझ्या गळ्यात उतरली होती. देवळात, बाजारात लोक थांबवून सांगायचे, "कुंदाचा आवाज आता पिकला हो. डोळे मिटले तर बुवाच!" मला आभाळ ठेंगणं झालं होतं. नवरात्रानंतर तीन आठवड्यांनी सांगलीच्या रेडिओवर माझी ऑडिशन होती. ह्याच्यासाठी मी दोन स्थळं परतवली होती. वडिलांनी साफ सांगितलं होतं, "रेडिओवर तुझं नाव लागलं तर लग्नाचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही लागलं, तर मी म्हणेन तिथे बोहल्यावर चढायचं." म्हणजे सगळा जन्म त्या एका सकाळवर टांगलेला होता. आणि नेमक्या त्याच वेळी ही बाई उगवली.

नातूबाई पस्तिशीच्या, उंच, जाड काचांचा चष्मा. "हॉस्पिटलात असतात," एवढंच बुवांनी सांगितलं. मिरजेत हॉस्पिटलं काय कमी आहेत! गायच्या बेताच्याच. सा लावला की दोन श्वासांत खाली घसरायचा. बुवा एरवी असल्या सा ला पानदान फेकून मारायचे, हिला म्हणायचे, "छान, छान." आणि स्वतःचं गाऊन झालं की ही बाई वही काढायची. आम्ही गात असताना लिहीत बसायची. बंदिशीचे शब्द नव्हेत, कारण शब्द सुरू व्हायच्या आधीच तिची पेन्सिल चाललेली असायची.

एकदा जिन्यात तिनं मला गाठलंच.

"कुंदा, सकाळी उठल्या उठल्या आवाज कसा असतो गं तुझा?"

"सगळ्यांचा असतो तसा."

"फुटायला किती वेळ लागतो? गरम पाणी घ्यावं लागतं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"सारखी खाकरतेस, म्हणून विचारलं. दुखतं का?"

"नातूबाई, तुम्ही गाणं शिकायला येता का माझी जनगणना करायला?" मी चांगली खेकसले. ती बाई रागावली नाही. मान तिरपी करून माझ्याकडे बघत राहिली आणि चक्क हसली. असं हसणारं माणूस माझ्या डोक्यात जातं.

खरं सांगायचं तर तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. सकाळी तासभर माझ्या गळ्यातून आवाजच निघायचा नाही. वरचा सा लावायला गेलं की आधी नुसती हवा यायची, मग स्वर. आईला मी सांगितलं होतं की पहाटेच्या रियाजानं आवाज तापतो, त्यात काय. स्वतःलाही तेच सांगत होते.

मग एके दिवशी कचेरीतून थोडी आधी सुटले आणि तंबोऱ्याची तार घ्यायला दस्तगीरचाचांच्या दुकानी गेले. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांची आख्खी गल्लीच आहे. बुवांच्या घरचे तंबोरे चाचांच्या वडिलांनी केलेले. बघते तर दुकानात बुवा, शेजारी नातूबाई, आणि चाचांच्या हातात तंबोऱ्याचा एक लहानसा, नाजूक भोपळा. चाचा त्यावर टिचक्या मारून दाखवत होते आणि नातूबाई काहीतरी गुणगुणत होती. मला बघताच बुवा गडबडले. "अगं, तू इकडे कुठे?" म्हणाले आणि छत्री विसरून रस्त्याला लागले. चाचांना विचारलं तर त्यांनी कानाला हात लावला. "बेटी, बुवांनी बोलायची बंदी केलीय."

आता सांगा, दुसरं कोणी असतं तर काय समजलं असतं? आमच्यात गुरूनं शिष्याला तंबोरा करून दिला की त्याचा अर्थ एकच, माझ्यामागे हा. अकरा वर्षं पहाटे उठून खर्ज घोटला मी, आणि तंबोरा त्या घसरत्या सा वाल्या बाईला! त्या रात्री मी जेवले नाही. आईला वाटलं, पित्त झालं.

नवरात्रात, सातव्या माळेला, देवळात संध्याकाळी बुवांचं गाणं असायचं. मी मागे तंबोऱ्यावर. मागे बसणाऱ्यानं काय करायचं, हे अकरा वर्षांत माझ्या अंगात मुरलं होतं. गुरू स्वर धरून आहे तोवर गप्प राहायचं. त्याचा श्वास विरायला लागला की तोच स्वर हळूच उचलायचा, असा की ऐकणाऱ्याला सांधा दिसू नये. त्या दिवशी बुवांचा श्वास फार लवकर संपत होता. वरच्या सा वर तर ते नुसतं तोंड उघडायचे आणि बाकीचं मी गायचे. लोक माना डोलावत होते. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

शेवटाकडे बुवांनी पुन्हा वरच्या सा कडे हात केला. मी स्वर उचलायला गेले आणि गळ्यातून काहीच आलं नाही. नुसती हवा. एक क्षण, दोन क्षण. पेटीवाल्यानं सावरून घेतलं, लोकांना वाटलं बुवांनी मुद्दाम जागा सोडली, कोणीतरी "वाहवा" सुद्धा केलं. पण बुवांनी मागे वळून बघितलं. गाताना ते कधी मागे बघत नसत. आणि पहिल्या रांगेत नातूबाईनं वही उघडली होती.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा नातूबाई आत स्वयंपाकघरात काकूंशी, म्हणजे बुवांच्या पत्नीशी, बोलत होती. तिची पिशवी खुंटीला होती. मी सरळ वही काढली. टपालात दुसऱ्याचं पत्र फोडणं हा गुन्हा आहे, हे मला पाठ होतं. पण हे टपाल नव्हतं.

पहिल्याच पानावर पेन्सिलीनं काढलेला कापलेला गळा. अंगावर काटा आला. पुढच्या पानांवर तारखा आणि माझं नाव. "कुंदा. सा लावताना हनुवटी छातीला टेकते. मानेच्या शिरा फुगतात. खालच्या पट्टीत गळा आवळते. वरचा सा : आधी हवा, मग आवाज." पानंच्या पानं मीच. आणि गेल्या महिन्यातल्या एका तारखेखाली लिहिलं होतं, "बुवांना सगळे सांगितले. ते म्हणाले, नवरात्र होऊ दे."

 म्हणजे हे दोघांचं ठरलेलं होतं. नवरात्रापुरती मी हवी होते, नंतर तंबोरा घेऊन ही बसणार. बुवा आंघोळ करून बाहेर आले तशी मी वही त्यांच्यापुढे आदळली.

"बघा, ही बाई काय लिहिते बघा!"

"चष्मा नाही. तूच वाच."

मी वाचलं. मोठ्यानं, एकेक ओळ. तोवर नातूबाई दारात येऊन उभी राहिली होती. शेवटची ओळ वाचली आणि माझा आवाज चिरकला. "झालं ना नवरात्र? आता काय ठरलंय तुमचं? मला काढायचं? तंबोरा हिला द्यायचा? तोंडावर सांगा की! अकरा वर्षं झाली, एवढं तरी सांगा!"

बुवा सतरंजीवर बसले. पानदान पुढे ओढलं, पण उघडलं नाही.

"तिला मीच बोलावलं, कुंदे."

"ते दिसतंच आहे."

"दिसत नाही तुला. ऐक. चैत्रात तुझा वरचा सा पहिल्यांदा फाटला. तुला कळलं नाही, मला कळलं. म्हटलं, सर्दी असेल. वैशाखात पुन्हा फाटला. लोक म्हणत होते आवाज पिकला, आणि मला रोज दिसत होतं की आवाज जातोय. ही हॉस्पिटलात बिघडलेल्या आवाजांचंच काम करते. मी जाऊन तिचे पाय धरले. शिकायला म्हणून ये, म्हटलं, नाहीतर ही पोरगी तुला जवळ उभी करायची नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? की तुझा गळा मी बिघडवला?" बुवा एकदम ओरडले, आणि त्यांचाही आवाज फाटला. "दाबून लाव, दाबून लाव, कोण म्हणत होतं तुला? माझ्या गुरूंनी मला दाबायला लावलं, मी तुम्हाला लावलं. माझी ही खरखर काय जन्माची आहे? विशीत आली, ती गेली नाही. लोकांना आवडली, म्हणून मी तिला कला म्हटलं."

 मी विचारलं, "आणि नवरात्र होऊ दे, म्हणजे?"

नातूबाई मध्येच बोलल्या. "मी सांगितलं होतं की एक दिवसही थांबू नका."

"हो, सांगितलं होतं हिनं," बुवा म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "मला अजून एक मैफल हवी होती. तू मागे नसलीस तर माझं गाणं उभं राहत नाही, हे तुला माहीत नाही का? लोक टाळ्या वाजवतात त्या तुझ्या सा ला. हाव सुटली मला. दुसरा शब्द नाही त्याला."

मला बुवांचा असा राग आला की मी पायऱ्या दोन-दोन उतरत खाली गेले. सायकलवाला म्हणाला, "ताई, चपला!" चपला वरच राहिल्या होत्या.

मागोमाग आलेल्या नातूबाईनं मला तशीच अनवाणी हॉस्पिटलात नेलं. मी गेले ती विश्वास बसला म्हणून नाही, ही खोटी ठरावी म्हणून. डॉक्टरांनी जीभ फडक्यात धरून ओढली आणि एक लांब दांड्याचा इवलासा आरसा घशात घातला. मग दुसरा आरसा धरून मलाही दाखवलं. दोन पांढरट पट्ट्या, मिटतात, उघडतात. आणि दोन्हींच्या कडेला समोरासमोर मोहरीएवढी एकेक गाठ. माझी पिकलेली कला ती. त्या गाठींमुळे पट्ट्या नीट मिटत नव्हत्या, फटीतून हवा सुटत होती, आणि त्या हवेला आख्खी मिरज वाहवा म्हणत होती.

"दोन महिने मौन," नातूबाई म्हणाल्या. "मग माझ्याकडे धडे."

"ऑडिशन?"

त्यांनी नुसती मान हलवली. मी तिथेच बाकावर बसून रडले. रडतानाही आवाज काढायचा नाही, म्हणाल्या.

ऑडिशन गेली. वडील शब्दाचे पक्के, त्यांनी लगेच कुपवाडचं एक स्थळ आणलं. पण पाटीवर खडूनं लिहून उत्तरं देणारी मुलगी कोणाला पसंत पडायची? मंडळी पोहे खाऊन गेली ती गेलीच. त्या दोन महिन्यांत मला हसू आलेलं तेवढं एकदाच.

मौन सुटल्यावर नातूबाईंकडे गेले. तिथे टेबलावर प्लॅस्टिकचा उघडमिट होणारा गळा. माझा संशय अजून जिवंत होता. म्हटलं, "गाणं काय असलं खेळणं बघून येतं?"

"नाही येत," त्या म्हणाल्या. "पण जाताना कुठून गेलं, ते कळतं. गळ्यावर बोट ठेव. आवंढा गिळ. काय झालं?"

"हाड वर गेलं."

"आता जांभई दे."

"खाली आलं."

"आता तुझ्या बुवांसारखा सा लाव."

मी लावला. बोटाखाली सगळं आवळून दगड झालं. अकरा वर्षं रोज पहाटे मी हेच केलं होतं, आणि त्या दगडाला तपश्चर्या समजत होते. नातूबाईंनी पेटीवर एक स्वर दिला. काळी चार, बुवांच्या काळी दोनहून बरीच वर. "इथे गुणगुण. दाबू नकोस." गळ्यात काही म्हणता काही झालं नाही, आणि स्वर मात्र निघाला. बारीक, स्वच्छ, माझा वाटेना इतका.

"हा माझा सा आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. जिन्यात माझ्यावर खेकसलीस ना, तेव्हा. चिडलीस की तू गळा दाबायचं विसरतेस."

माघात मी बुवांच्या माडीवर परत गेले. जायचं नाही असं शंभरदा ठरवलं होतं. राग गेला नव्हता. पण पाय गेले.

दस्तगीरचाचा सतरंजीवर बसून, तारेला झंकार यावा म्हणून तिच्याखाली दोरा सरकवत होते. मांडीवर नवा, लहान तंबोरा. "ये बेटी," ते म्हणाले. "ह्या घरात काळी चार माझ्या वडिलांनी कधी लावली नाही, मी लावतोय. त्या बाईंना घेऊन बुवा चार वेळा आले. कुंदाचा सा कुठे आहे, ह्या बाईंना विचार, म्हणायचे. डोकं खाल्लं माझं."

मी बुवांकडे बघितलं. ते खिडकीतून रस्ता बघत होते. नवरात्राआधी, भाद्रपदातच त्यांनी हा तंबोरा सांगितला होता, आणि मी तो दुसरीचा समजून उपाशी झोपले होते. 

"बस, कुंदे."

मी माझ्या जुन्या जागी, त्यांच्या मागे जाऊन बसले. बुवा उठले. गुडघ्यावर हात टेकत आले, नवा तंबोरा उचलला आणि माझ्याही मागे जाऊन बसले. चाचा बघतच राहिले. तारा वाजायला लागल्या. सवयीनं बुवांनी सा लावायला तोंड उघडलं असावं, कारण मला मागे एक अर्धवट श्वास ऐकू आला. पण ती त्यांची पट्टी नव्हती. त्या पट्टीत त्यांना माझ्याबरोबर गाता येणार नव्हतं, आणि मी आता त्यांच्या पट्टीत परत येणार नव्हते. नवरात्रातलं ते गाणं बुवांचं शेवटचं गाणं होतं. हे तिथे बसलेल्या आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी सा लावला. हळूहळू वर चढत गेले. वरच्या सा पाशी पोचले आणि थांबले. मुद्दाम नाही. अकरा वर्षांची सवय, तिथे आधी बुवांनी गायचं, त्यांचा श्वास विरला की मी उचलायचं. मी वाट बघत राहिले. नुसता तंबोरा वाजत होता.

"थांबलीस का?" मागून बुवा म्हणाले. "आता माझी वाट बघायची नाही."

मी वरचा सा लावला.